चौथा नग

माणूस दुकानात शिरला की शेठ त्याला पायांपासून वर बघत जायचे आणि डोक्याशी पोचले की म्हणायचे, "खिचडी." चप्पल एकीकडची, पँट दुसरीकडची, टोपी कुणाच्या तरी लग्नात मिळालेली. गिऱ्हाईक ओशाळायचं आणि दोन नग जास्त घेऊन जायचं. हा धंद्याचा डाव आहे, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. डाव नव्हता. माणूसच तसा होता.

मुरुमच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळं त्यांचं तत्त्वज्ञान मला फुकटात आणि अखंड मिळायचं. धंदा आहेराचा. "टॉवेल-टोपी दिली तर पाहुणा नमस्कार करतो," शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे. "वर शर्टपीस दिला तर बसून जेवतो. धोतरासकट चारी नग दिले, पूर्ण पोशाख, तर जुनं भांडण विसरतो." मग बोट वर करून शेवटचं कलम: "अन् आहेर मागून घ्यायचा नसतो. समोरच्यानं वळखून द्यायचा."

असे लोक तुम्हीही पाहिले असतील. आयुष्यात एक नियम सापडतो आणि मग सगळं जग त्याच मापानं कापत बसतात. बाकी शेठना काय येत होतं, तर काही नाही. पावसाचा अंदाज चुकायचा, निवडणुकीचा चुकायचा, चहात साखर किती हेसुद्धा रोज वहिनींना विचारावं लागायचं.

त्यांचा मुलगा पुण्यात कंपनीत. एका दिवाळीला आला आणि जीएसटीच्या बिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर त्यानं बंदुकीचा एक गेम घालून दिला. माझ्याकडंही घातला, म्हणजे त्याच्या अप्पांना, शेठना, सोबत. ओसाड शहरात दोघा-चौघांनी मिळून शत्रू मारायचे. शत्रू पडला की सामान पडतं, ते अंगावर चढवायचं: मुखवटा, चिलखत, पाठपिशवी, हातमोजे, पिस्तुलाचं म्यान, गुडघ्याचे नीपॅड. एकाच सेटचे दोन नग घातले तर थोडा बोनस, तीन घातले तर जरा जास्त, आणि चौथा चढला की त्या सेटची खरी करामत सुरू होते.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं हे ऐकून हसायला हवं होतं. शेठ गादीवरून उठून उभे राहिले. "हे तर आपलंच हाय की," म्हणाले.

तिथून पुढं माझी दुपार गेली. उन्हाळ्यात दुपारी पेठेत कुत्रं फिरकत नाही. आम्ही आपापल्या कॉम्प्युटरवर बसायचो आणि भिंतीवरून बोलायचो. मी ज्या वस्तूवरचा आकडा मोठा असेल ती चढवायचो. शेठना ते सहन व्हायचं नाही. कापड मोजायची लाकडी पट्टी घेऊन ते माझ्या दुकानात यायचे आणि माझ्या पडद्यावर टकटक करायचे.

"ही पाठपिशवी कुठली?"

"आकडा मोठा आहे तिचा."

"आकडा मोठा. म्हणजे पाहुणा पैसेवाला हाय म्हणून नवरदेवाच्या पाटावर बसवायचा व्हय?"

"गोळ्या तर कमी लागतात ना, शेठ."

"लागू द्या. पर मेलाव तर एका घरचे म्हणून मरा."

स्वतः ते रोज तसेच मरायचे. ढालीचा एक सेट होता. पूर्ण झाला तर सगळ्या सोबत्यांच्या वाटच्या गोळ्या आपल्या अंगावर झेलायच्या आणि तरी उभं राहायचं, अशी त्याची करामत. शेठकडं त्याचे तीन नग होते. तीनवर तो सेट म्हणजे बाह्या नसलेला सदरा. बरं सामान मिळालं तरी ते तीन नग अंगावरून काढायचे नाहीत, आणि पहिल्या चकमकीत आडवे. मग मी धावत जाऊन त्यांना उठवायचं. मी ते उपकार म्हणून करायचो आणि तसं ऐकवायचोही.

हट्टाचं कारण मला माहीत होतं. मुलगा कंपनीतल्या मित्रांबरोबर तोच गेम खेळायचा. त्यानं फोनवर सांगितलं होतं, "अप्पा, आम्हाला ढालवाला पाहिजे. सेट पूर्ण करा अन् या. अर्ध्या सेटवर आलात तर पोरं हसतील." बापाला आपल्यात घ्यायला अट घालणारा मुलगा. आणि ती अट मान म्हणून मिरवणारा बाप. पण त्याआधी त्या मुलाचा फोन "जेवलात का" वर सुरू व्हायचा आणि तिथंच संपायचा. आता तो चिलखतांवर बराच वेळ बोलायचा. वहिनी चहा घेऊन आल्या की सांगायच्या, "मला काय बी समजत न्हाय, भावजी. पर पोरगं बोलायलंय. लई बरं वाटतंय."

राहिलं होतं ते नीपॅड. कधी निघेल ते कुणाच्या हातात नव्हतं. मात्र एक सोय होती: एखादी वस्तू आपल्याला सापडली, तर त्या वेळी सोबत खेळत असलेल्या गड्याला ती देता येते. तेही दोघांचा खेळ चालू असेपर्यंतच. नंतर ती ज्याची त्याला चिकटते.

एकदा बहिणीच्या घरची वास्तुशांत होती. मी शेठच्या दुकानात जाऊन टॉवेल-टोपी मागितली. दुकान भरलेलं होतं. शेठनी पट्टी खाली ठेवली. "सख्ख्या दाजीला टॉवेल-टोपीत उरकायलाव? बहीण नांदती त्या घरात, झेरॉक्सवाले. तिचीबी झेरॉक्सच काढून दिली हुती का?" लोक हसले. मीही हसलो, पुडी घेतली आणि माझ्या खुर्चीत येऊन बसलो.

त्याच दुपारी आम्ही खेळत होतो. शेवटचा दांडगा शत्रू पडला आणि माझ्या पडद्यावर ते नीपॅड आलं. त्याच सेटचं. मी बघत राहिलो.

"काय निघालं, झेरॉक्सवाले?" भिंतीपलीकडून आवाज आला.

"हातमोजे," मी म्हणालो.

 "बरं," पलीकडून आलं.

मी ते नीपॅड भंगारात काढलं. एक बटण दाबून धरायचं, वस्तूचे सुटे तुकडे होतात आणि थोडं कापड, थोडं लोखंड आपल्या खात्यात जमा होतं. मला दोन्हींची गरज नव्हती.

अपमान झाला म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. त्यांनी मागितलं कुठं होतं, असंही सांगितलं; त्यांचंच कलम त्यांच्यावर. बायकोला काहीच सांगितलं नाही, कारण गेममधलं नीपॅड म्हटल्यावर ती हसली असती. आता खरं लिहितो. चौथा नग चढला असता तर शेठ मुलाच्या टोळीत गेले असते. माझ्या भिंतीवरून मग कुणी बोललं नसतं. ज्या माणसाची मी घरी येऊन नक्कल करायचो, तो मला सोडायचा नव्हता. आणि हे कळण्याइतका शहाणा मी त्या बटणावर बोट ठेवतानाही होतो.

शेठ तीच मोहीम रोज खेळत राहिले. पाऊसकाळ संपता संपता मुलाच्या टोळीनं गेम बदलला. "ते आता कोण खेळतंय, अप्पा," असं तो म्हणाला म्हणे. फोन पुन्हा "जेवलात का" वर आले. मी शेठना म्हटलं, "आता तरी ते तीन नग काढा. मला रोज उठवायला लागतं तुम्हाला."

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमाला तरी दुसरं काय काम हाय?"

पुढं लोक तयार कपड्यांकडं गेले, आहेराची पाकिटं झाली. शेठनी दुकान देऊन टाकलं. जायचं ठरलं ते सास्तूरला, वहिनींच्या माहेरच्या शेतावर. पुण्याला का नाही, हे पेठेत कुणी विचारलं नाही. इतर बाबतीत पेठ एवढी सभ्य कधी नसते.

सामान भरायला टेम्पो आला. शेठ दोरीला गाठ मारत होते. मी जवळ गेलो.

"शेठ, एक सांगायचं राहिलंय. ते नीपॅड..."

"दिसलं हुतं," ते म्हणाले. गाठ त्यांनी सोडली नाही. "कुणाला काय घावलं ते खाली कोपऱ्यात सगळ्यांनाच दिसतं. तुमी कवा कोपऱ्यात बघतच न्हाय. नुसते आकडे बघताव."

"मग बोलला का नाही?"

"मला वाटलं, रागात हायेत. चहा पिऊन देताल." त्यांनी दोरी ओढून बघितली. "त्या दिशी गेम बंद केला न्हाय मी. जेवायलाबी गेलो न्हाय. दुकान बंद करायच्या वक्ताला तुमचं शटर पडलं, तवा उठलो."

 ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वहिनी मधे बसल्या होत्या, शेठ कडेला चढले. त्यांच्या मांडीवर नव्या धोतराच्या कापडात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा पडदा होता. हमालानं तो मागं सामानात ठेवायला मागितला, तर त्यांनी दिला नाही. दोन्ही हातांनी धरून बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "खड्ड्यातनं हळू घे."