बायाक्कानं निवडलेली चौकट

बायाक्का गेली, तेव्हा महादेव मास्तरांच्या लक्षात आलं की तिच्याविषयी आपल्याला फारसं काही ठाऊकच नव्हतं. तिचं माहेर कुठलं, ती किती शिकली होती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. वडगावात ती पन्नास वर्षं हातमागावर साड्या विणत होती, आणि विणकर संस्थेच्या पुस्तकाच्या निमित्तानं आठ-दहा वेळा भेटली. एवढीच ओळख.

पुस्तक साड्यांच्या काठांचं होतं. कोणता काठ कसा विणायचा, हे जुन्या विणकरांनी स्वतःच कॉम्प्युटरवर लिहायचं, असं संस्थेनं ठरवलं होतं. शेजारच्या टिळकवाडीतले निवृत्त शिक्षक म्हणून तपासणीचं काम मास्तरांकडे आलं. पहिल्या खेपेला बावीस जणांनी साध्या कोऱ्या पानावर लिहिलं. काठाची नक्षी दाखवायला त्यांनी धागे मोजावेत तशा मोकळ्या जागा मोजून सोडल्या आणि मधे फुल्या मारल्या. मग संस्थेचा इंजिनिअर विनोद यानं सगळी पानं एकत्र करून अक्षरांचा फाँट बदलला, आणि बावीसच्या बावीस काठ वाकडे झाले. कुठली फुली कुठल्या धाग्यावरची, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येईना.

आता विणकरांना आणखी एकदाच विचारता येणार होतं. पुन्हा फसलं तर ही माणसं लिहायला बसणार नव्हती, आणि त्यातली बरीचशी सत्तरी ओलांडलेली होती. कशात लिहायचं हे मास्तरांनी ठरवायचं होतं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते कबूल करायचीही लाज वाटत होती.

विनोदनं तीन सॉफ्टवेअर मांडली. एक पूर्वीसारखंच कोरं पान. दुसऱ्यात प्रत्येक ओळीच्या मागंपुढं इंग्रजी खुणा. यात काहीही करता येतं, असं तो कौतुकानं सांगत होता. तिसऱ्यात आधीच आखलेले रकाने: काठाचं नाव, धाग्यांची संख्या, एकामागून एक कृती, नक्षीसाठी चौकटी. तासभर तो समजावत राहिला आणि मास्तर मान हलवत राहिले.

बायाक्का कोपऱ्यात बसून ऐकत होती.

"काय बी करता येतंय म्हणूनच मागल्या येळी वाटोळं झालं न्हवं, विनोदआण्णा?" ती म्हणाली. विनोदसुद्धा हसला.

मग ती उठली आणि तिन्हींत आपला एकच काठ लिहायला बसली. एका बोटानं टाइप करत होती. तिन्ही ठिकाणी तिनं धाग्यांची संख्या मुद्दाम गाळली. कोरं पान गप्प राहिलं. दुसऱ्यानं लाल अक्षरांत इंग्रजीतून काहीतरी सांगितलं. ते तिला वाचता येईना. तिसऱ्यात तो रकाना रिकामाच राहिला आणि खाली मराठीत ओळ आली, की धाग्यांची संख्या लिहायची राहिली आहे.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्येच घ्या, मास्तर. उभं धागं हितं आधीच ताणून ठिवल्यात. आमी फकस्त आडवं इणायचं. आनि धागा सुटला तर ह्यो सांगतोय."

मास्तर थक्क झाले. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना निबंध लिहायला शिकवलं होतं. लिहिण्याच्याही आधी काहीतरी ताणून ठेवायचं असतं, हे त्यांना इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. विनोदचं तासाभराचं बोलणं त्यांना त्या क्षणी कळलं. घरी गेल्यावरही ते स्वतःशीच मान हलवत होते.

तिसरंच घेतलं. बायाक्कानं पहिली तीन पानं लिहिली. मास्तरांनी ती छापून पाहिली, फाँट बदलून पुन्हा छापली. एक फुलीही जागची हलली नव्हती. चौथ्या पानाच्या दिवशी ती कॉम्प्युटरपुढून लवकर उठली आणि पदर सावरत दाराशी थांबली.

"माझं लिवून झालं, मास्तर. उद्या त्या भावकू इणकराला बसवा."

"किती वाजता बोलवू?"

"धा वाजता. त्याच्या आधी त्येचा चा हुईत न्हाय."