नानांच्या करदोड्याची लाल चावी

सव्वा महिन्यापूर्वी जुन्नरच्या एसटी स्टँडवर उभा होतो, तेव्हा दत्ताचा फोन आला. "गुरुजी, नाना गेलं." नाना म्हणजे दत्ताचे वडील भागूनाना, आंबेगावच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्यावर पलीकडच्या वाड्यांची लाँच चालवणारे. मी त्यांच्याच वाडीच्या शाळेत नऊ वर्षं मास्तर होतो. सोमवारी त्यांच्या लाँचमधून जायचो, शनिवारी परत यायचो. माणूस गेला की त्याचे गुण आठवावेत अशी रीत आहे. मला मात्र आधी माझी चूक आठवते, म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मी रुजू झालो तेव्हाचे नाना फार दिलदार. वाडीवर वीज पाहुण्यासारखी यायची, आणि पावसाळ्यात खांब आडवे झाले की आठवडा आठवडा अंधार. मग सगळी वाडी मोबाइल घेऊन लाँचवर. इंजिनाच्या बॅटऱ्यांवरून तार ओढून नानांनी एक फळी ठोकली होती, तिच्यावर चार्जरचं जंजाळ लोंबकळायचं. "इंजिन फिरतंय तवर खुशाल लावा," ते म्हणायचे, "पर लाँच काठाला लागली की काढायचं. न्हाईतर सकाळी ती जागची हालायची न्हाई." इंजिन चालू असलं की बॅटरी भरते, थांबलं की नुसती उपसली जाते, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होतं. शिकवायला गेलेल्या मास्तरालाच तेवढं ध्यानात ठेवता आलं नाही.

त्या पावसाळ्यात शाळेची कसली तरी माहिती तातडीने भरून पाठवायची होती. (सरकारी कामात तातडी नसलेलं काय असतं म्हणा!) संध्याकाळी लाँच लागल्यावर मी लॅपटॉप आणि मुलांचे टॅब फळीला जोडले. तासाभरात काढून नेऊ असं ठरवलं आणि शाळेत जाऊन भाकरी खाऊन झोपलो. विसरलो... एवढंच. सकाळी नानांच्या लेकीला, मंदाला, रक्तस्राव सुरू झाला. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दरड कोसळून रस्ता बंद होता आणि दवाखाना पलीकडच्या काठाला. चौघांनी तिला घोंगडीत घालून लाँचमध्ये आणलं. नानांनी बटण दाबलं. टक् झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. हँडल मारायची सोय त्या इंजिनाला नव्हती. शेवटी वल्ह्याची होडी आणली, पण लाँचला वीस मिनिटं लागायची तिथे होडीला दीड तास लागला असता. मंदा निम्म्या पाण्यातच गेली, पोटातल्या लेकरासकट.

मी काठावर उभा होतो. होडी निघाल्यावर धावत लाँचवर चढलो, तर फळी मोकळी होती. लॅपटॉप आणि टॅब पिशवीत घालून तिसऱ्या दिवशी नानांनीच शाळेत आणून दिले. "गुरुजी, तुमचं सामान," एवढंच म्हणाले. वाडीत मात्र ते सगळ्यांना सांगत होते, "माझ्याच हातनं लाँचचा दिवा चालू ऱ्हायला." मी ते ऐकून घेत होतो. घाबरलो होतो, दुसरं काही कारण नाही.

पुढे त्यांनी फळी उखडून टाकली आणि ट्रकला असतो तसला मेन स्विच बॅटरीवर बसवून घेतला. त्याची लाल चावी फिरवून काढली की सगळ्या तारा तुटल्यासारख्या. काही चालू राहिलं तरी बॅटरी उतरत नाही. ती चावी त्यांनी कमरेच्या करदोड्यात ओवली. लाँच लागली की उतारू उतरायच्या आधी चावी कमरेला. सहलीला आलेली पोरं चिडवायची, "काय नाना, तिजोरीची का?" "व्हय," म्हणायचे, पण हसायचे नाहीत. अंगात सणकून ताप असतानासुद्धा चावी त्यांनी दत्ताला दिली नाही. गोधडी पांघरून स्वतः लाँचवर येऊन बसले. हे सगळं रोज डोळ्यांपुढे बघवेना. दोन वर्षांनी मी बदली मागून जुन्नरला आलो.

दहाव्याला गेलो. घरात मावशी, म्हणजे नानांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुसरं कुणी जवळ नाही असं पाहून मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी बॅटरी माझ्यामुळे उतरली होती."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्याच सांजंला मला सांगितलं त्यांनी. म्हणलं, भाईर बोलू नगं. लोक मास्तरला मारायला उठतील, त्यो पळून जाईल, शाळा बंद पडंल. आपली गेली, बाकीची पोरं तरी शिकू दे..." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मंग तुमी गेलातच की, गुरुजी. दुसरा कोन आलाच न्हाई."

मी उठून काठाकडे निघालो.

परत सोडायला दत्ताच आला. काठ लागल्यावर दोर बांधायला तो खाली उतरला आणि तिथूनच म्हणाला, "गुरुजी, चावी काढा तेवढी." नानांनी तो स्विच मला कधी दाखवलासुद्धा नव्हता. मी चावी फिरवली, काढली. सरणावर ठेवण्याआधी नानांचा करदोडा तोडला होता, त्याचा काळा तुकडा चावीला तसाच होता. ती मी दत्ताच्या तळहातावर ठेवली आणि म्हणालो, "दत्ता, बस जरा. मंदाचं सांगायचंय."