बुधवारी अकरा वाजताचं रक्त

मी क्षमाशील बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना कुणाला माझ्याबद्दल भलती आशा वाटायला नको.

बावीस वर्षं मी एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आहे. गेल्या वर्षी मला नैराश्य आलं. आधी आंघोळ करेनाशी झाले, मग जेवेनाशी, आणि शेवटी वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहू लागले. गोळ्यांनी काही होईना, तेव्हा डॉक्टरांनी शॉक सुचवले. सिनेमात दाखवतात तसली आरडाओरड त्यात नसते. भूल देतात, स्नायू सैल पडायचं इंजेक्शन देतात, आणि जाग येते तेव्हा सगळं उरकलेलं असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी शुद्धीवर आले की नवरा ऑफिसला जायचा आणि दुपारी न्यायला यायचा. सहाव्या शॉकनंतर मी आपणहून पोहे मागितले. शॉकने मला परत आणलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या आठवड्यांतलं मात्र फारसं डोक्यात उरलं नाही. असं होईल हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

त्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होती. शॉकनंतर नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात काय काय बदलतं, याचा ती अभ्यास करत होती. पहिल्या शॉकच्या आधी तिने विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. आयुष्यभर पोरांना परीक्षानळ्या धुवायला लावल्या, एकदा आपलंही रक्त नळीत जाऊ दे. दर शॉकला नाही, मधूनमधून: शॉकच्या आधी एक नमुना, मग पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने आणि दोन तासांनी. शेवटचा नमुना होईपर्यंत पोटात काही नाही. त्यात पोटॅशियम बघायचे, ताणाने वाढणारं कॉर्टिसॉल बघायचे, आणि प्रोलॅक्टिन. हे एरवी बाळंतिणीला दूध यावं म्हणून वाढतं. शॉकनंतर तेही उसळतं आणि काही तासांत ओसरतं म्हणे. मला मूलबाळ नाही. पन्नाशीत माझ्या रक्ताला हा उद्योग सुचावा, याचं मला हसू आलं होतं.

इकडे नवऱ्याने एक शहाणपणा केला. रजा वाढवावी लागली तर पुन्हा पुन्हा हेलपाटे नकोत, म्हणून माझ्या सह्या घेतलेले दोन कोरे कागद त्याने आमच्या प्राचार्यांच्या हातात दिले. विश्वासाने शॉकचंही सांगितलं, वारांसकट. भला माणूस आहे तो. त्याच्या भलेपणाचा मला अजून राग येतो.

दोन महिन्यांनी कामावर गेले तर माझ्या टेबलावर प्राचार्यांची भाची बसलेली. प्राचार्यांनी शांतपणे माझा राजीनामा पुढे केला. खाली सही माझी. बाजूला तारखेसकट त्यांचा शेरा: बुधवारी सकाळी अकरा वाजता समक्ष येऊन स्वखुशीने दिला.

“सर, मी कधी दिला हा?”

“अहो मॅडम, आपणच आणून दिलात. आपल्याला आठवत नसेल. त्या उपचारांत होतं म्हणे असं.”

आणि मी ते खरं मानलं. रुग्णालयापासून कॉलेज चालत दहा मिनिटांवर. शॉक नऊचा, अकराला मी उठून गेलेही असेन. घरी बसून मी डोकं पिंजत राहिले. जिना आठवतोय का, त्यांची केबिन आठवतेय का? कधी कधी खरंच आठवल्यासारखं व्हायचं, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. नोकरी गेली ती गेलीच, पण नुकतंच कुठे हाती लागलेलं माझं डोकं त्या माणसाने माझ्यासाठी खोटं करून टाकलं.

पुढच्या तपासणीला त्या अभ्यासासाठी आणखी एक नमुना द्यायचा होता. डॉक्टरने वही उघडली आणि माझं पान समोर आलं. रकाने वाचायची मला सवयच आहे. तारीख तीच, तोच बुधवार. पाचव्या नमुन्यापुढे वेळ होती अकरा, आणि शेजारी शेरा: उपाशी, अजून गुंगीत, बिछान्यावर. प्राचार्यांनी शॉकचाच दिवस निवडला होता, कारण त्या दिवसाचं मला काही आठवणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. हे रक्ताचं तेवढं त्यांना माहीत नव्हतं. मी त्या वहीवर हात ठेवून रडले. मग डोळे पुसले आणि त्या नोंदीचं सही-शिक्क्याचं पत्र मागून घेतलं.

“त्यांना एकटं गाठून दाखव, मिटवून टाक,” नवरा म्हणाला. मी संस्थेच्या मंडळाकडे तक्रार केली आणि पत्र मात्र पर्समध्ये ठेवलं. मंडळापुढे अगदी गरीब चेहरा करून म्हटलं, “सर, मला खरंच आठवत नाही. आपण जरा सांगाल का, मी कशी आले ते?”

सरांना चेव आला. म्हणे मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले होते. छान बोलत होते. चहासुद्धा घेतला.

“दुधाचा का?” मी विचारलं.

“हो, दुधाचाच. साखर कमी सांगितलीत आपण.”

तेव्हा मी पत्र काढलं आणि अध्यक्षांना मोठ्याने वाचायची विनंती केली. सरांचा चेहरा असा काही उतरला की मी तो मन भरून पाहिला. मला आनंद झाला. लपवण्यासारखं त्यात काय आहे?

महिन्याभरात मी वर्गात होते आणि ते निलंबित. एका रविवारी सर आमच्या घरी आले. खोटा कागद केल्याबद्दल मी पोलिसांत जाणार का, एवढंच त्यांना हवं होतं. मी पाणी दिलं.

“मॅडम, काय ठरवलंय ते एकदा सांगा. रोज जीव टांगणीला लागतो.”

“ठरवलंय,” मी म्हटलं. “त्या बुधवारी मी आले होते की नाही, हे आपल्याला माहीत होतं, मला नव्हतं. आता पोलिसांत जायचं की नाही, हे मला माहीत आहे, आणि आपल्याला नाही.”

परवा त्यांच्या बायकोचा फोन आला. त्यांना झोप नाही, जेवत नाहीत, भिंतीकडे बघत बसतात. मी तिला आमच्या डॉक्टरांचा नंबर दिला. गोळ्यांनी नाही झालं तर शॉकने गुण येतो, हेही अगदी मनापासून सांगितलं. पोलिसांतल्या तक्रारीचं तिनेही विचारलं. त्याबद्दल मी काही बोलले नाही.