हरभऱ्यातलं पाडस

वेळ अमावस्येला, आमच्या बोलीत येळवशीला, अख्खं घर रानात. कडब्याची खोप, पालेभाज्या-शेंगदाण्यांची भज्जी, आंबील आणि आईचा आरडाओरडा. त्या वर्षी मी सोलापुरातल्या ऑफिसात रजा टाकून गेले ती वहिनीसाठी. पावसाळ्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं, सातव्या महिन्यात. तेव्हापासून ती कामापुरतं बोलायची.

पूजा झाल्यावर दादा रिवाजाप्रमाणे रानभर आंबील शिंपडायला गेला आणि परत आला तो हरणाचं पाडस घेऊनच.

"हरभऱ्यात पडलं हुतं. एकटंच. हाललं बी न्हाय."

आईनं हात जोडले. "आजच्या दिशी, आपल्या रानात! लक्षुमीनंच धाडलंय." झालं! लगेच वहिनीची ओटी भरली आणि पाडस तिच्या मांडीवर ठेवलं.

काय देखणं होतं म्हणून सांगू! कानातून ऊन आरपार दिसायचं, आतल्या बारीक शिरांसकट. पण एवढ्या माणसांत ते ओरडलं नाही, धडपडलं नाही. डोळे उघडे ठेवून नुसतं पडून राहिलं. कोकरू असतं तर रान डोक्यावर घेतलं असतं. मला त्या गप्पपणाची भीतीच वाटली. वहिनी मात्र कितीतरी दिवसांनी हसली. "वन्सं, बगा की, बोट चोखतंय माजं."

मी माळाकडं पाहिलं. बांधापलीकडं हरणी उभी होती. कळप लांब गेलेला, ही एकटीच. पाय आपटायची, चार पावलं पुढं यायची, परत मागं.

"दादा, अरे त्याची आई बघ तिथं! चरायला जाताना पिल्लू असंच लपवून जातात त्या. टाकलेलं नाही ते!" मी चिडलेच. दादानं मान खाली घातली. आई माझ्यावर उखडली, "तुला काय जातंय बोलायला? हसली की गं ती आज!"

खरंच होतं ते.

मग वहिनीच उठली. हरणीकडं तिनं कधी पाहिलं, कळलं नाही. पदरात पाडस घेऊन ती हरभऱ्यात गेली, मागोमाग मी. होतं तिथं तिनं ते ठेवलं आणि वळली. तर ते उठलं आणि लटपटत तिच्याच मागं आलं. परत ठेवलं, परत आलं. निऱ्यांत तोंड खुपसायला लागलं. पलीकडून हरणी बघत होती.

"जा की रं तिकडं," वहिनी रडत म्हणाली. ते जाईना. शेवटी तिनं ढेकूळ उचललं आणि मारलं. ते त्याच्या पायाशी फुटलं. पाडस जमिनीला चिकटलं, हलेचना.

"लागलं का वो?" ती माघारी पळणार, तोच मी तिचा दंड धरला. आम्ही तिथं असेपर्यंत हरणी जवळ येणार नव्हती. मी तिला ओढत खोपीकडं न्यायला लागले.

"सोडा वन्सं, एकडाव बगू द्या!" ती किंचाळली. "माजं बाळ बी कुणी दावलं न्हाय मला."

मी दंड सोडला नाही.