मांडवात वाजलेला बिहाग

माझ्या लग्नात माझ्या हातून जे झालं ते मी सहा वर्षं कबूल केलं नाही. कबूल करायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते त्याच दिवशी, त्याच मांडवात म्हणायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी भुसावळला रेल्वेच्या कचेरीत कारकून होतो. घर जळगावात, पिंप्राळ्याला. घरात आई, वडील आणि मी. मला गाता येत नाही, वाद्यही येत नाही, पण शास्त्रीय संगीत ऐकण्याचं वेड होतं. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी मैफली उतरवून घ्यायचो. त्या वेळी खोलीत कोणी खोकू नये म्हणून दार लावायचो. तरी माझ्या दोन-तीन कॅसेटांत आईच्या कुकरची शिट्टी आहेच.

धुळ्याला मुलगी बघायला गेलो तेव्हा वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही गाणं वगैरे येतं का, बेटा?" त्यांना एखाद्या अभंगाची अपेक्षा होती. ती आत गेली, तंबोरा घेऊन आली आणि जुळवत बसली. त्यातच दहा मिनिटं गेली. माझ्या मामांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग ती बिहाग गायली. बिहागात खाली उतरताना तीव्र मध्यमाला नुसता हात लावून गंधारावर यायचं असतं. तिथे जास्त रेंगाळलं तर राग बिघडतो, रेंगाळलंच नाही तर कोरडा होतो. ती बरोबर हवी तेवढीच रेंगाळली. माझ्या बशीतला चहा पायजम्यावर सांडला होता, हे मला बाहेर आल्यावर कळलं.

परतताना एसटीत आई म्हणाली, "पोरगी चांगली हाये. गानं जरा लांबलं."

लग्न वैशाखात ठरलं. मधल्या काळात मी एक नव्वद मिनिटांची कॅसेट तयार केली. बायकोला द्यायची पहिली भेट म्हणून ती मी चार महिने जुळवत होतो. पाहुणे येताना सनईवर यमन, कारण संध्याकाळी यमनासारखा मोकळ्या मनाचा राग नाही. मग सतारीवर खमाज. त्यात थट्टा असते आणि लग्नात थट्टा हवीच. दुसऱ्या बाजूला पंगतीसाठी बासरीवरची पहाडी आणि पाठवणीसाठी पिलू. पण या दोन्हींच्या आधी, दुसरी बाजू उघडताच, सारंगीवर बिहाग. नवरीचे मामा तिला घेऊन मांडवाकडे निघाले की तो लागायला हवा. तिनं मला जे ऐकवलं होतं त्याला माझं ते उत्तर होतं. सारंगी मी मुद्दाम निवडली. माणसाच्या गळ्याच्या इतकं जवळ दुसरं वाद्य नाही.

तिचा भाऊ लग्नाच्या खरेदीला जळगावला आला तेव्हा मी कॅसेट त्याच्याकडे दिली. वरच्या कागदावर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नवरी निघताना दुसरी बाजू लावणे.' तो हसून म्हणाला, "अक्काले सांगू का?" मी म्हणालो, "सांग."

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात आली नाही. आमच्या भागात सारंगी एकाच वेळी कानावर पडायची. देशातलं कोणी मोठं माणूस गेलं की रेडिओवरची गाणी, श्रुतिका, शेतीचे कार्यक्रम सगळं बंद व्हायचं आणि दिवसभर सारंगी वाजत राहायची. आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास असे कितीतरी दिवस गेले होते. लोकांच्या लेखी सारंगी म्हणजे मरणाची खबर. मला रागांच्या वेळा पाठ होत्या, आणि हे लक्षात आलं नाही.

मुहूर्त गोरजाचा होता. मांडव धुळ्याला त्यांच्या घरापुढच्या मोकळ्या जागेत. दोन भोंगे कडुनिंबाला बांधलेले. मी पाटावर उभा, समोर अंतरपाट. यमन झाला, खमाज झाला, कोणाचं लक्षही नव्हतं. माणसं गप्पा मारत होती, एकीकडे पंगतीच्या बट्ट्या भाजल्याचा वास येत होता. मग मामा नवरीला घेऊन निघाले आणि भोंग्यातून सारंगी सुरू झाली.

खोलीत ऐकलेली सारंगी वेगळी आणि भोंग्यातून आलेली वेगळी. ती ओरडून रडत असल्यासारखी आली. आधी पुढच्या रांगेतले लोक गप्प झाले, मग मागचे. फेटेवाले म्हातारे एकेक करून उभे राहिले. एक आबा मोठ्यानं म्हणाले, "काय व्हयनं रे भो? कोन गया?"

"रेडिओ लागना वाटतं."

"कोन गया पन?"

बायकांच्या बाजूला एका म्हातारीनं कोणासाठी ते न विचारताच हंबरडा फोडला. तिचं ऐकून आणखी दोघींनी पदर तोंडाला लावला. स्वयंपाकाकडून माणसं धावत आली, एकाच्या हातात झारा तसाच. मला कळलं होतं काय झालंय ते, आणि तोंड उघडत नव्हतं. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एक जण मागं वळून बघायला गेला आणि त्याच्या हातातलं टोक सुटलं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच आम्ही दोघं समोरासमोर आलो.

ती हसत होती. त्या अख्ख्या मांडवात ती एकटी हसत होती. आजूबाजूला काय चाललंय याचं तिला भानच नव्हतं. तिला फक्त बिहाग ऐकू येत होता.

माझ्या आईनं ते हसू पाहिलं.

कोणीतरी कॅसेट बंद केली. आबा अजून बोलतच होते, "आठे लगीन शे का मयत शे?" आईनं भोंगेवाल्याला बोलावलं आणि विचारलं, "कोनी देल्ली तुले ही?"

"नवरीच्या भावानं."

आईनं कॅसेट हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि आपल्या पिशवीत टाकली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "म्हनून हासत व्हती. गान्याचा सोस हाये ना तिले."

नवरीच्या भावानं माझ्याकडे पाहिलं. मी भटजींकडे पाहिलं. तो बोलायला पुढे झाला तेव्हा नवरीनं त्याच्या बाहीला धरून मान हलवली. अंतरपाट पुन्हा धरला गेला, अक्षता पडल्या, लग्न लागलं. त्या वेळी मी म्हणालो असतो, "आई, कॅसेट माझी आहे," तर चार लोक हसले असते आणि विषय संपला असता. नवरदेवाची फजिती होते ती दोन दिवसांची. नवरीची तशी होत नाही. मी कशाला घाबरलो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. इतके लोक उभे होते, एवढंच आठवतं.

रुखवतात आलेला तंबोरा पिंप्राळ्याला आला आणि आईनं तो माळ्यावर ठेवायला लावला. "पाहू मंग," म्हणाली. पुढच्या माघात वडील गेले. कचेरीतून आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. दहाव्याला आई एकच वाक्य बोलली, "सारंगीनं आधीच सांगलं व्हतं." माझी बायको तिथेच होती. त्या दिवसापासून तिचं गुणगुणणंही थांबलं. मी भुसावळला जात राहिलो, येत राहिलो. रेडिओ मी हळू लावायचो, नंतर लावायचाच सोडला. एकदा तिला म्हणालो, "मी सांगतो आईला." ती म्हणाली, "सांगा ना." मी सांगितलं नाही. वडील गेल्यावर तर ते सांगणं म्हणजे वडिलांना मीच मारलं म्हणण्यासारखं वाटू लागलं.

सहा वर्षांनी, पुन्हा एका उन्हाळ्यात, आणखी एक मोठे नेते गेले. शेजारच्या घरातून सकाळी सारंगी सुरू झाली. माझी बायको कणीक मळत होती. तिचे हात परातीत थांबले आणि मान जराशी कलली. मांडवातही तिची मान अशीच कलली होती.

आई म्हणाली, "खिडकी लाव गं."

मी म्हणालो, "आई, ती कॅसेट माझी होती. लग्नातली. मी दिली होती."

आई उठली, आपल्या पेटीतून ती कॅसेट घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. वरचा कागद पिवळा पडला होता.

"मले वाचता येत नही," ती म्हणाली. "पन तुहं अक्षर मी शाळेपासून पाहते. मले तवाच समजलं."

मी म्हणालो, "मग तिला का बोललीस?"

"तुले कशी बोलू? पोटचा तू. वाटलं, आज सांगशीन, उद्या सांगशीन. तू सांगलं असतं तं मी तंबोरा खाली काढला असता. मंग हे गेले. मंग कोनावर तरी टाकाले पाह्यजे व्हतं मले."

ती घरामागं गेली. मी बायकोकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं? आईला ठाऊक आहे ते?"

"पहिल्याच वर्षी. त्यांच्या पेटीत लुगडी ठेवताना कॅसेट दिसली. तुमच्या शाळेच्या वह्यांमध्ये ठेवलेली."

"मग मला सांगायचं."

"काय केलं असतं तुम्ही? आणखी गप्प बसला असतात."

दोघींना सगळं ठाऊक होतं, आणि दोघी माझ्या एका वाक्याची वाट पाहत एका चुलीवर सहा वर्षं स्वयंपाक करत होत्या. गाणं मात्र त्यातल्या एकीचंच गेलं.

मी माळ्यावर चढून तंबोरा खाली आणला. दोन तारा तुटल्या होत्या, भोपळ्याला उभी चीर गेली होती. तिनं हात धुतले, उरलेल्या तारांतली खर्जाची तार छेडली आणि सा लावला. तो हलला. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आवाज अर्ध्यात फाटला. तेव्हा तिनं तंबोरा भिंतीला टेकवून ठेवला.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "माळ्यावर नका ठेवू."

मग तिनं परात पुढे ओढली. कणकेवर कोरडा पापुद्रा धरला होता. पाण्याचा हात लावून ती पुन्हा मळू लागली.