स्टॅमरिंग आणि सोमवारचं मौन

पोपटाने उष्टावलेला पेरू चवीला वाईट नसतो. वाईट असतं ते त्याच्याआधीचं. पिंजऱ्याच्या तळाशी वाळलेली शीट, तिच्यावर पडलेला तो अर्धा कुरतडलेला पेरू, आणि तो उचलून, पदराला पुसून "खा बाबू, जीभ सुटते यानं" म्हणत तोंडाशी धरणारी आई. माझी जीभ काही सुटली नाही. पोट बिघडलं.

मी अडखळत बोलायचो. अजूनही बोलतो, पण केस पांढरे झाल्यापासून लोकांना वाटतं हा माणूस विचार करून बोलतो. लहानपणी मात्र घरात मी तोतरा होतो आणि गल्लीतल्या हिंदीत हकला. माझ्या जिभेवर जे जे घासलं गेलं ते आठवलं की आजही तोंड वाकडं होतं. उगाळलेलं वेखंड तर असं कडू, की त्यानंतर बोलायची इच्छाच राहत नसे. आईला वाटे, गुण येतोय.

या सगळ्याहून किळसवाणा होता मामा. म्हणजे माणूस मायेचा. कोराडीच्या कॉलनीत राहायचा, दर रविवारी बसने आमच्याकडे नागपूरला यायचा. पण गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि माझं वाक्य पुरं करायची भारी हौस. मी कुठे अडकलो की तो पुढे झुकायचा, माझ्या जबड्याला हात लावायचा आणि उरलेला शब्द सुपारीच्या तुकड्यांसकट माझ्या तोंडावर सोडायचा. मी "पा" म्हटलं की मामाने "पाणी" करून टाकलेलं असे. मला पावती हवी असली तरी मी मुकाट्याने पाणी प्यायचो. वाद घालायचा म्हणजे पुन्हा बोलणं आलं.

नोकरी लागली तेव्हा, सत्तरच्या दशकातलं साल असावं, मामाने मला घशाच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आ करायला लावलं, टॉर्च मारली आणि म्हणाले, "घसा चांगला आहे. स्टॅमरिंग आहे." झालं. मामाला जणू सोन्याची अंगठी सापडली. कॉलनीभर सांगत सुटला, "भाच्याले स्टॅमरिंग आहे जी! डॉक्टरनं सोता सांगतलं." तोतरेपणाची लाज वाटायची, पण इंग्रजी नावाचा आजार म्हणजे घराण्याची पत वाढल्यासारखं झालं. मला त्या कौतुकाची शिसारी आली.

तरीही आपल्याला नक्की काय झालंय ते बघावं म्हणून मी लायब्ररीत जाऊन जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. स्टॅमर हा शब्द फार जुना निघाला. त्याच्या मुळाशी थांबणं, अडवलं जाणं असा अर्थ दिला होता. जर्मन भाषेत त्याचा एक सोयरा आहे, त्याचा अर्थ मुका. त्याच अर्थाचा दुसरा शब्द, स्टटर, तो धडकणं, ठोकर खाणं यातून आलेला. मी दोन्ही पुन्हा पुन्हा वाचले. आपला तोतरा किंवा हिंदीतला हकला ऐकला की वाटतं, बाहेर उभं राहून कोणीतरी नक्कल करतंय. हा स्टॅमर मात्र आतल्या माणसाने सांगितल्यासारखा वाटला. कोणी अडवलं, हे कोशात दिलं नव्हतं.

मग लग्नाचं निघालं. मी तोंड उघडलं की स्थळ जाणार, याबद्दल आई आणि मामाचं एकमत होतं. मामाने शक्कल काढली, की मुली पाहायला फक्त सोमवारी जायचं आणि सांगायचं, पोराचं सोमवारचं मौन असतं. मी म्हणालो, ज्या बाईबरोबर जन्म काढायचा तिला आधी कळायला नको का? म्हणजे, म्हणायला लागलो. "ज्या बा" पर्यंत पोचलो तर मामा म्हणाला, "बाप्पाची कृपा, हो, हो!"

अशा रीतीने अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही रामटेकला गेलो. मुलीचे वडील एकदम खूश. "मौन धरते पोरगा? वा! आजकालची पोरं तं देवासमोरबी बडबड करतात." मी भाविक चेहरा करून बसलो. स्वतःचीच इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मुलगी आली, पोहे ठेवून समोर बसली. तिने विचारलं, "जेवणात काय आवडते तुम्हाले?"

"वांग्याचं भरीत," मामा म्हणाला. "जीव टाकते त्याच्यावर."

वांग्याच्या नुसत्या वासाने मला मळमळतं. त्या मुलीने मात्र मान डोलावली, जणू मनात वांगी भाजायला घेतली. तिने पुन्हा माझ्याकडेच पाहून विचारलं, "घरीबी हेच बोलतात का तुमच्यासाठी?"

"म-मले," मी म्हणालो, "वां-वां-वांगं आवडत नाही."

मुलीचे वडील हळूच उठले.

"वांग्यासाठी सोमवार मोडला?"

"नाही जी, त्याले थोडं स्टॅमरिंग आहे," मामा कसाबसा म्हणाला.

"ते असू द्या. माहा सालाबी अडकते बोलताना, चार लेकरं आहेत त्याले. पण जो वांग्यापायी देवाचा वार मोडते, तो माह्या पोरीले काय सांभाळन?"

व्रत खोटं होतं हे सांगायची सोय मामाला राहिली नव्हती. परतीच्या बसमध्ये तो खर्रा न खाता बसला. कामठी मागे पडली तेव्हा म्हणाला, "पुढच्या बारीले गुरुवार धरू. गुरुवारचं कडक असते म्हणा."

मी नाही म्हणालो. मला वेळ लागला, कंडक्टर तिकिटं तपासून पुढे गेला, पण पूर्ण म्हणालो. पुढच्या वेळी मी रविवारी जाईन, आणि आईशिवाय कोणी येणार नाही.

"काहून गा, मी काय वंगाळ केलं?" मामाने विचारलं. तेवढं समजावण्याइतकी हवा माझ्या छातीत उरली नव्हती.

पुढचं स्थळ नागपुरातलंच होतं. चहाचा कप हातात आल्या आल्या मी सुरुवात केली, की मी असा बोलतो, लहानपणापासून बोलतो, औषधं झाली, गेलं नाही, विचारायचं ते मलाच विचारा. मध्येच आई माझ्यासाठी शब्द काढायला लागली, तर समोरची मुलगी म्हणाली, "थांबा ना वं मावशी, सांगून राहिले ते."

सांगून झालं तेव्हा चहा गार झाला होता आणि त्यावर जाड साय धरली होती. चहावरची साय म्हणजे माझ्या दृष्टीने वांग्याच्याही खालची पायरी. ओठाला चिकटते, जिभेवर लोंबते. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी कप तोंडाला लावला आणि सायीसकट रिकामा केला. उलटी येता येता राहिली.

"अजून देऊ?" तिने विचारलं.

"न-न-न," मी म्हणालो, आणि ती माझा शब्द पूर्ण होईपर्यंत थांबली.