कच्चं वार्निश

बिडकीनच्या बाजारपेठेत नजमाभाभीचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायचं काम बाई करते म्हटल्यावर नवखा माणूस आधी आत डोकावून पुरुष कुठं दिसतो का ते बघतो. दिसतो तो करीम, तिचा नवरा. पण तो खुर्चीत बसलेला. दहा वर्षांपूर्वी त्याची नजर अधू झाली. तोवर तो तार गुंडाळायचा आणि नजमा वेढे मोजायची. मग ती गुंडाळू लागली आणि तो मोजू लागला. आता तिला मोजून द्यायची गरज नाही, तरी तो मोजतो.

त्या वर्षी पूर्वेच्या किनाऱ्यावर मोठं चक्रीवादळ आदळलं. टीव्हीवर नारळाची झाडं मोडून पडलेली दिसली, पण बिडकीनला कुणी मनावर घेतलं नाही. समुद्र कुठं, आपण कुठं! वारा वाटेतच विरला खरा, पण ढग चालत आले आणि मराठवाड्यावर तीन दिवस रिते होत राहिले. धरणाचे दरवाजे उघडले. गोदावरी काठ सोडून घराघरांत शिरली.

पाणी ओसरलं तशा दुकानापुढं मोटरी येऊन पडू लागल्या. सगळ्या गाळानं भरलेल्या. एकीतून तर जिवंत खेकडा निघाला. नजमाच्या हाताला उसंत नव्हती. अशात एका सकाळी नदीकाठच्या गावचा पाणी सोडणारा, कारभारी नावाचा माणूस टेम्पोतून गावच्या पाणीपुरवठ्याची मोटर घेऊन आला.

"भाभी, ही आधी करा. विहीर उपसून झाली, औषध टाकलं. पण विहिरीच्या वाटंत गुडघाभर चिखल हाय, बायामाणसं हंडा घेऊन घसरायल्यात. पोरांना जुलाब लागलेत. विजेचा डीपी बुडालाय, म्हणून तालुक्याहून जनरेटर येणार हाय. एकच दिवस ठेवतेत, मग पुढच्या गावाला."

नजमानं बाकीचं बाजूला सारून दोन दिवसांत तार भरली. वार्निश ओतलं. वार्निश कडक व्हायला ऊब लागते. आभाळ तर गच्च झाकलेलं, आणि दुकानातली वीज येऊनजाऊन. तिसऱ्या दिवशी कारभारी दारात उभा. करीमनं बोट फिरवून बघितलं.

"नजमा, ये अभी कच्चा है."

तिलाही ते ठाऊक होतं. पण कारभारीचं उतरलेलं तोंड बघून तिनं झाकणं बसवली, बोल्ट आवळले आणि मोटर टेम्पोत चढवली.

टेम्पो वळणाआड गेला. दुसरी मोटर उघडली, ती तशीच सोडली. चहा केला, निवून गेला. कच्च्या वार्निशात ओल राहिली तर मोटर चालू होताच जळणार. कारभारीला फोन लावला. तिकडचे टॉवर बंद. पुन्हा लावला. शेवटी तिनं पिशवीत पाने, पक्कड आणि मेगर टाकलं. वीज गळते का ते दाखवणारं हे यंत्र करीम कुणाच्या हाती देत नसे. आज त्यानं स्वतःहून पुढं केलं. पाण्याचे जार घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवर ती चढली.

रस्ता जागोजागी खचलेला. ट्रॅक्टर थांबला की ती उतरून पुढं चालू लागे, मग मागून येऊन ड्रायव्हर तिला पुन्हा बसवून घेई. गावात पोचली तेव्हा दुपार झाली होती. मोटर विहिरीवर बसवून तयार, शेजारी दहाबारा माणसं. जनरेटर आलेला नव्हता, एवढंच नशीब.

"खोला ती," नजमा म्हणाली.

"आवो भाभी, आत्ता तर बसवली!" कारभारी चिडला.

"चूक माझी हाय. वार्निश वलं हाय. चालू केली की जळंल."

कुणी तरी पुटपुटलं, "मग दिलीच कशाला?" नजमानं पिशवी उघडली. तिनं मेगर लावलं. काटा जागचा हलला नाही, म्हणजे वीज गळत होती. तो तिनं सगळ्यांना दाखवला आणि स्वतःच बोल्ट सोडवायला बसली.

आता मोटर भाजायची होती. पत्र्याचं पिंप मिळालं, पण जळण? अख्ख्या गावात वाळली काडी नव्हती. तेवढ्यात साळूबाई पुढं झाली. सत्तरीची, एकटी राहणारी. तिच्या माळ्यावरच्या गोवऱ्या पाण्याच्या वर राहिल्या होत्या.

"मावशी, तुमची चूल?"

"चुलीवर काय ठेवू, घरात पाणीच नाय. घेऊन जा."

पाटीभर गोवऱ्या आल्या. ते पाहून आणखी तीनचार बायांनी कुठून कुठून धरून ठेवलेल्या चिपाडांच्या जुड्या काढल्या. मोटरीतला तारेचा गाभा विटांवर ठेवून नजमानं वर पिंप पालथं घातलं आणि भोवती निखारे मांडले. ऊब कमी पडली तर वाया, जास्त झाली तर नवी तारच करपणार. ती निखारे जवळ ओढी, लांब सारी, पत्र्यावर पाण्याचा थेंब टाकून चुरचुर ऐके, भोवती फेऱ्या मारी.

"बस की गं जरा. पायाला भिंगरी लागलीय का?" साळूबाई म्हणाली.

नजमा बसली आणि लगेच उठली. दिवस मावळल्यावर तिनं पिंपाभोवती गरम राख दाबली आणि साळूबाईच्या ओसरीवर आडवी झाली.

सकाळी जनरेटर आला. नजमानं बोटानं वार्निश दाबलं. नखाखाली काचेसारखं टणक लागलं. मेगरचा काटा सरसर चढला. मोटर पुन्हा बसली, कारभारीनं बटण दाबलं. मोटर घुमली. नळाला आधी नुसती हवा आली, मग तपकिरी पाणी, आणि बऱ्याच वेळानं स्वच्छ. साळूबाईनं पहिला हंडा भरला आणि आजाऱ्यांच्या घराकडं चालू लागली.

"भाभी, दोन घास खाऊन घ्या," कारभारी म्हणाला.

"टाकी भरू द्या." ती मोटरीवर तळवा टेकवून उभीच राहिली. टाकी ओसंडली तेव्हा कुठं तिनं हात काढला.

बांधावर चढल्यावर फोनला रेंज आली.

"चली क्या?" करीमनं विचारलं.

"चली."

तो म्हणाला, "दुकानात अजून पाच आल्यात."

नजमानं फोन ठेवला, चपलेचा चिखल दगडावर खरवडला आणि आज पुन्हा जार घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारून विचारलं, "भाऊ, निघायचं ना?"